पाचवा रकाना
(आरे कॉलनीत दिलेल्या स्मृती-व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



मास्तर आम्हाला गणित शिकवत आणि रविवारी पवई तलावावर गरवायला जात. त्यांच्या पिशवीत गळ, शिशाची वजनं, कणकेचा गोळा आणि एक दोनशे पानी वही असे. वहीत पाच रकाने आखलेले होते. तारीख, जागा, मासा, वजन, आणि शेवटचा रकाना ‘पुढे काय’. त्या शेवटच्या रकान्यात दोनच शब्द येत: ‘नेला’ किंवा ‘सोडला’. मास्तर गेल्यावर ती वही त्यांच्या मुलीने माझ्या हातात दिली. आजचं माझं बोलणं त्या पाचव्या रकान्याबद्दल आहे.

वही चाळताना एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या काही वर्षांत लहान मासा ‘सोडला’ आणि मोठा मासा ‘नेला’ अशा नोंदी आहेत. तुम्ही-आम्ही सगळे हेच करतो. शेवटच्या वर्षांत मात्र नोंदी उलट्या होतात. किलो-दीड किलोचा कटला किंवा रोहू ‘नेला’, आणि दहा किलोंच्या वरचा ‘सोडला’. मधे कुठेही खुलासा नाही. मास्तर खुलासे देतच नसत, उत्तर आलं की त्याखाली दोन रेघा ओढत. तो खुलासा आज मी माझ्या परीने करणार आहे. एका ठिकाणी माझं त्यांच्याशी पटत नाही, तेही सांगणार आहे.

आधी माझी गोष्ट. जून महिना होता, पाऊस अजून लागायचा होता. पवईला मचाणावर बसलो असताना माझ्या गळाला कटला लागला. पाऊण तास तो मला खेळवत होता, मी त्याला नव्हे. काठावर आणला, काट्याला लावला, चौदा किलो भरला. फोटो काढला. ओल्या गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवर बांधला आणि फिल्टरपाड्यावरून आरेच्या रस्त्याने घरी आणला. आम्ही राहत होतो त्या क्वार्टर्समध्ये जत्रा भरली. आईने विळी बाहेर काढली. पोट चिरलं तर दोन ओंजळींत मावेना एवढी गाबोळी निघाली. गाबोळी तळून सगळ्यांनी आवडीने खाल्ली. मासा मात्र चरबट होता, राठ होता, त्याला चिखलाचा वास होता. निम्मा वाटला आणि वाटलेल्यातलाही बराच वाया गेला, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी मास्तर आले. त्यांनी मासा किती किलोंचा ते विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “किती वर्षांची असेल रे?” आम्ही गप्प. त्यांनी एक खवला धुऊन कागदात घेतला. शाळेतल्या भिंगाखाली धरून त्यावरची वलयं मोजली. झाडाच्या बुंध्यात जशी वर्षांची वर्तुळं उमटतात तशी माशाच्या खवल्यावरही उमटतात. नऊपर्यंत मोजता आली, पुढची कडेला इतकी दाटलेली की वेगळी काढता येईनात. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी मला तो खवला परत दिला, एवढंच. माझ्या एका संध्याकाळच्या फोटोसाठी नऊहून जास्त पावसाळे खर्ची पडले होते. तो खवला अजून माझ्याकडे आहे.

यावर सरळ उत्तर सुचतं. पोटात अंडी घेऊन फिरणारी मादी मारू नये, ती सोडली असती तर लाखो पिल्लं झाली असती. मीही बरीच वर्षं हेच सांगत फिरलो. पवईच्या कटल्याबाबत ते खरं नाही. मोठा मासा सोडा म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचा हिशेब तपासायला हवा, म्हणून हे स्पष्ट सांगतो.

कटला, रोहू, मृगळ हे नदीचे मासे. पावसाळ्यात नदीला पूर येतो, पाणी काठाबाहेर उथळ पसरतं, तेव्हा ते अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात त्यांची गाबोळी भरते, पण ते अंडी घालत नाहीत. हंगाम उलटला की ती अंडी मादीच्याच अंगात जिरून जातात. म्हणून तर १० जुलै १९५७ हा दिवस आपल्या मत्स्यशास्त्रात मोठा मानतात. त्या दिवशी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली. आज तळ्यातळ्यांत जे बीज सोडलं जातं ते त्या शोधामुळे. पवई तर १८९१ मध्ये बांध घालून केलेला तलाव. मुंबईची तहान भागवायला तो बांधला, पण त्याचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही, आणि तो गरवणाऱ्यांच्या वाट्याला आला. स्वातंत्र्याआधीपासून तिथे त्यांची संघटना आहे, आजची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन. तलावात मासे आहेत ते बहुतांशी माणसांनी बीज सोडलं म्हणून. माझ्या कटल्याच्या पोटातली गाबोळी पवईत कधीच फुटली नसती.

मग मास्तर दहा किलोंचा कटला का सोडत होते? मला वाटतं, ते अंड्यांचा नाही, वर्षांचा हिशेब करत होते. दीड किलोचा मासा नेला तर दीड-दोन पावसाळ्यांत दुसरा त्याच्या जागी येतो. चौदा किलोंचा नेला तर ती जागा दहा-बारा वर्षं रिकामी राहते, आणि तेवढ्या वर्षांत सांडपाणी, जलपर्णी, उन्हाळे सगळं सोसून कोणी तरी तेवढा होईल याची खात्री नाही. शिवाय खायला लहान मासा चांगला. म्हणजे नेण्यात फायदा थोडा आणि तोटा लांबचा. सोडलेला मासा उद्या दुसऱ्याच्या गळाला लागेल, एखाद्या पोराच्या हाताला त्याचा पहिला हिसका कळेल. तळ्यापुरतं एवढं कारण मला पुरेसं वाटतं. ते अंड्यांच्या कारणाइतकं भारी नाही, पण खरं आहे.

नदीत आणि खाडीत मात्र हिशेब बदलतो, आणि तिथे तो फार भारी होतो.

परदेशात हा वाद सॅमनवरून चालतो. अलास्कातल्या कीनाय नदीत १९८५ साली ९७ पौंड ४ औंसांचा किंग सॅमन गळाने धरला गेला. तो विक्रम अजून मोडलेला नाही, आणि तसे मासे आता तिथे दिसतही नाहीत. अलास्कातले सॅमन पूर्वीपेक्षा लहान वयाचे आणि लहान अंगाचे होऊन नदीत परतू लागले आहेत, हे गेल्या काही वर्षांच्या अभ्यासांत नोंदलं गेलं आहे. स्कॉटलंडमध्ये गळाने धरलेल्या सॅमनपैकी शंभरात नव्वदहून जास्त आता परत सोडले जातात. सॅमनबद्दल मी यापेक्षा जास्त बोलणार नाही, कारण आपल्याकडे त्या नावाने जो मासा विकला जातो त्याबद्दलच बोलायचं आहे.

मुंबईच्या हॉटेलांत ‘इंडियन सॅमन’ म्हणून ताटात येतो तो आपला रावस. त्याचं सॅमनशी काही नातं नाही, तो वेगळ्याच कुळातला. पण मोठा मासा ठेवावा की सोडावा या प्रश्नाला रावसाइतकं स्पष्ट उत्तर दुसरा मासा देत नाही. रावस वयात येतो तेव्हा नर असतो. पुढे वाढता वाढता त्याची मादी होते. आपला जिताडाही तसाच. पहिली काही वर्षं नर, मग मादी. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. खाडीच्या तोंडाशी, बंदराच्या धक्क्यावर, खडकांवर बसून आपण ज्या हातभर, दोन हात लांब रावसाची किंवा दहा-पंधरा किलोंच्या जिताड्याची वाट बघतो, ती बहुतेक वेळा मादीच असते. मोठे मोठे वेचून काढले की माद्याच वेचल्या जातात. मागे राहतात ते नर, आणि त्यांतला एखादा मादी होण्याइतका मोठा व्हायला पुन्हा काही वर्षं लागतात.

आणि मोठी मादी म्हणजे नुसती वजनाने मोठी मादी नव्हे. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ३४२ जातींच्या समुद्री माशांचा एक अभ्यास आला. त्यातलं कॉड माशाचं उदाहरण मला मास्तरांना ऐकवायला आवडलं असतं. तीस किलोंची एक मादी जेवढी अंडी घालते तेवढी दोन-दोन किलोंच्या अठ्ठावीस माद्या मिळूनही घालू शकत नाहीत. अठ्ठावीस दुणे छप्पन्न किलो मासा एका बाजूला, तीस किलो दुसऱ्या बाजूला, आणि तरी पारडं तीस किलोंकडे झुकतं. साधं त्रैराशिक इथे चुकतं. गणिताचा माणूस या ठिकाणी थांबला असता आणि त्याने खाली दोन रेघा ओढल्या असत्या.

गोड्या पाण्यात हीच गोष्ट महसीरची. दख्खनचा महसीर शास्त्राला ठाऊक झाला तो पुण्याच्या मुळा-मुठेतून. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि आजही जगभर त्याच्या नावात ‘खुद्री’ हा शब्द आहे. पुढे धरणं झाली, नद्या नासल्या, मासा आटत गेला, तेव्हा १९७० नंतर लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावावर त्याची पैदास सुरू झाली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि श्री. ओगले यांनी त्यासाठी खपून काम केलं. कटल्याची मादी वजनाच्या किलोमागे लाखाच्या आसपास अंडी देते, महसीरची फक्त काही हजार. मग मोठ्या महसीरची किंमत किती, ते तुम्हीच काढा.

पण याच माशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. लोणावळ्याचं बीज दूरवर गेलं, कावेरीतही गेलं. कावेरीत आधीपासून एक वेगळा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर होता. १९४६ साली कबिनी नदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी धरलेला १२० पौंडांचा मासा त्याच जातीचा. कावेरीकाठच्या गॅलिबोरच्या छावणीत येणारे लोक मासा धरत, मोजत, सोडत आणि नोंद करत. १९९८ ते २०१२ या काळातल्या सहा हजारांहून जास्त माशांच्या त्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. आपला दख्खनचा, निळ्या परांचा महसीर वाढत गेला होता, कुबडाचा दिसेनासा होत चालला होता. त्याला शास्त्रीय नाव कोणतं हे नक्की व्हायला २०१८ साल उजाडलं, आणि तोवर तो नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर होता. म्हणजे पाण्यात मासा सोडणं हे नेहमीच पुण्याचं काम असतं असं नाही. ज्या पाण्यातला मासा त्याच पाण्यात सोडावा. आणि थाई मागूर गळाला लागला तर मुळीच सोडू नये. त्याच्या पैदाशीवर २००० सालापासून देशात बंदी आहे, आणि तो तळ्यातलं बाकी सगळं खाऊन टाकतो.

ही सोडण्याची रीत साहेबाकडून आली असं कोणी म्हणालं तर त्याला महाडजवळ वाळणकोंडीला न्या. काळ नदीच्या त्या डोहात वरदायिनी देवीचे मासे आहेत, महसीरच. लोक त्यांना खाऊ घालतात, कोणी धरत नाही. भोवतालच्या नद्यांतून मोठा महसीर गेला, त्या डोहात राहिला. इंद्रायणीकाठी देहूलाही माशांना असंच अभय होतं. तिथल्या माशांवर पुढे जे संकट आलं ते गळाने आणलेलं नाही, ते घाण पाण्याने आणलं.

आता सगळ्यात कठीण प्रश्न. तो मला पुस्तकात भेटला नाही, इथल्याच एका मावशीने विचारला. मी एकदा तिच्यासमोर पाच किलोंचा रोहू परत सोडला. ती म्हणाली, “सोडायचाच होता तर धरलास कशाला? त्याच्या तोंडात काटा घालायची हौस?” मी उत्तर देऊ शकलो नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून कायदाच आहे की नुसतं सोडण्याच्या इराद्याने मासा धरायला जायचं नाही. जनावराला खेळापायी यातना द्यायच्या नाहीत, हा त्यामागचा विचार. तो विचार मला पटतो. मावशीचाही तोच विचार होता, तिला कायद्याची गरज नव्हती.

म्हणून मी स्वतःपुरतं असं ठरवलं आहे. गरवायला जायचं ते खायला मासा आणायला जायचं. घरात लागेल तेवढा, मधल्या अंगाचा, आणायचा आणि मग दोरी गुंडाळायची. मोठा लागला तर तो आपण मागितलेला नव्हता असं समजून परत द्यायचा. दिवसभर एकामागून एक मासे धरून सोडत बसणं आणि त्याला दया म्हणणं मला मान्य नाही.

आणि हा नियम कोणाला लागू? आरेतल्या सत्तावीस पाड्यांना नाही. पहिल्या पावसात ओढ्यांना पाणी आलं की वलगणीचे मासे चढतात, मुठे बाहेर पडतात, आणि पाड्यावरचा माणूस पाग घेऊन, टोपली घेऊन निघतो. त्यात गाबोळी भरलेले मासे असतात. आरे दूध वसाहत १९४९ मध्ये वसली, त्याच्या कितीतरी आधीपासून हे चालत आलं आहे. ओढे त्या टोपल्यांनी रिकामे झाले नाहीत. गोठ्यांचं शेण, झोपड्यांचं सांडपाणी, भराव आणि रस्ते यांनी ते बुजले. ज्याच्या घरात संध्याकाळचं कालवण त्या माशावर अवलंबून आहे, त्याला पाचवा रकाना भरायला सांगण्याचा अधिकार मला नाही. वेसाव्याच्या, मढच्या कोळ्यांनाही मी हे सांगत नाही. जाळ्यात गुदमरून वर आलेला मोठा रावस परत टाकला तर तो समुद्राला मेलेलाच मिळणार. मी बोलतो आहे ते आपल्याशी, ज्यांच्या रिळाची किंमत कोणाच्या महिन्याच्या किराण्याइतकी असते त्यांच्याशी.

सोडायचा तर नीट सोडावा, नाहीतर घरी न्यावा. मधलं काही नसावं. मासा पाण्याबाहेर काढला की स्वतःचा श्वास रोखायचा. आपल्याला दम लागला म्हणजे त्यालाही पाणी हवं. हात ओले करूनच त्याला धरायचं, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथेच पुढे रोग धरतो. जबड्याने लोंबकळवून वजन करायचं नाही, ओल्या झोळीत करायचं. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केला तर गळ सहज सुटतो. पोटात गिळलेला गळ ओढून काढायचा नाही, दोरी जवळून कापायची. कल्ल्यातून रक्त येत असेल तर तो मासा बहुधा वाचणार नाही, त्याला लगेच मारून घरी न्यायचा. आणि सोडताना भिरकावायचा नाही. दोन्ही हातांत पाण्यात सरळ धरून ठेवायचा, तो स्वतःच्या बळावर निघेपर्यंत. पवईत मगरी आहेत. दमलेला मासा तिथे फार वेळ जगत नाही.

मास्तरांशी माझं पटत नाही ते इथे. त्यांच्या वहीत एप्रिल-मेच्या तारखांपुढेही ‘सोडला’ लिहिलेलं आहे. भर उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलेलं असतं, तापलेलं असतं, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पाऊण तास खेळवलेला मोठा मासा त्या पाण्यात सोडला तर तो खाली जाताना दिसतो, पण दुसऱ्या दिवशी पांढरं पोट वर करून काठाला लागण्याची भीती असते. वहीतले मे महिन्यातले किती ‘सोडला’ खरे आणि किती नुसते कागदावरचे, हे मास्तरांनाही कळलं नसणार. होळीपासून पहिल्या पावसापर्यंत मोठ्या माशाच्या मागे जाऊच नये, असं माझं मत आहे.

आता सरकारकडे वळतो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या समुद्री माशांसाठी किमान आकार ठरवला. त्याहून लहान मासा धरायचा नाही, विकायचा नाही. चांगलं पाऊल आहे, मी त्याचं मनापासून स्वागत करतो. पिल्लाला वाढू द्या, एकदा तरी अंडी घालू द्या, हा त्यामागचा हेतू. पण रावसाचं आणि जिताड्याचं जे मघाशी सांगितलं ते आठवा. पिल्लू वाचवलं, ते वाढलं, नर झालं, आणि मादी होण्याच्या वेळेला आपण ते उचललं, तर वाचवलं कशासाठी? आपला जिताडा ऑस्ट्रेलियात बॅरामंडी म्हणून ओळखला जातो. क्वीन्सलंडच्या नियमात त्याच्यापुढे दोन आकडे आहेत, ५८ सेंटिमीटर आणि १२० सेंटिमीटर. ५८ च्या आतला सोडायचा, १२० च्या वरचाही सोडायचा. मासा तोच आहे.

मत्स्यव्यवसाय विभागाकडे द्यायचा एक अर्ज मी लिहून आणला आहे. मागणी एकच आहे. गळाने हौशी मासेमारी करणाऱ्यांसाठी रावस आणि जिताडा यांचा कमाल आकार ठरवावा, आणि किमान आकाराच्या शेजारी तो रकाना आखावा. किती सेंटिमीटर, ते आपल्या किनाऱ्यावरच्या माशांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी सांगावं. पवईसाठीची दुसरी विनंती संघटनेकडे आहे. दहा किलोंच्या वरचा कटला आणि प्रत्येक महसीर परत जावा, आणि एप्रिल-मेमध्ये मोठ्या माशासाठी आमिष लावू नये. अर्ज मागच्या टेबलावर मास्तरांच्या वहीशेजारी ठेवला आहे. वही उघडून बघा, आणि पटलं तर जाण्याआधी सही करा.